कूर्मलांछन आणि वेळासचा किनारा
(लोकसहभागातून झालेल्या एका जतनकार्याचा इतिहास)

घाटनांदूर हे बालाघाटाच्या डोंगररांगेतील गाव. येथून अरबी समुद्र सरळ रेषेतही साडेतीनशे किलोमीटरहून दूर आहे. आपल्याकडे पडणारा पाऊसदेखील त्या समुद्राकडे जात नाही. ओढ्यानाल्यांतून तो गोदावरीच्या खोऱ्यात उतरतो आणि पूर्वेकडे बंगालच्या उपसागराला जाऊन मिळतो. असे असता, सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कोकणच्या किनाऱ्यावरील एका लहानशा खेड्याचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न समाजबांधवांच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

त्याचे उत्तर आपल्या नित्याच्या देवदर्शनातच आहे. विसावे तीर्थंकर भगवान मुनिसुव्रतनाथ यांचे लांछन कूर्म, म्हणजेच कासव होय. मराठवाड्यातील आपल्यापैकी बहुतेकांनी पैठणच्या अतिशय क्षेत्राची यात्रा एकदा तरी केलेली असते. ज्या जिवाच्या आकृतीवरून आपण भगवंतांची मूर्ती ओळखतो, तो जीव प्रत्यक्षात कोठे जगतो, त्याच्यावर कोणती संकटे आहेत आणि त्याला वाचविण्यासाठी कोणी काय केले, हे जाणून घेणे आपल्याला परके वाटू नये. शिल्पातील कूर्म नदीचे की सागराचे, हा वाद येथे उपस्थित करण्याचे कारण नाही. दोघांचेही प्राण सारखेच.

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास या गावाने गेल्या दोन तपांत सागरी कासवांच्या रक्षणाचे जे कार्य केले, त्याचा हा संक्षिप्त आढावा आहे.

घाटमाथा आणि बंदर

आपला प्रदेश आणि कोकणचा किनारा यांचा संबंध आजचा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेला ‘पेरिप्लस’ हा समुद्रप्रवासाचा ग्रंथ इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. त्यात भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर ही दोन मोठी नगरे असल्याचा उल्लेख येतो. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेरणाकाठचे तेर. या नगरांतील कापड आणि इतर माल अवघड मुलखातून गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जात असे.

त्याच ग्रंथात पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांची नावे सांगताना चौलच्या पुढे ‘मंदगोरा’ हे नाव येते. मंदगोरा म्हणजे सावित्री नदीच्या मुखावरील बाणकोट होय, असे अनेक अभ्यासक मानतात. वेळास हे याच बाणकोटच्या शेजारचे गाव. म्हणजे आपल्या परिसरातील तेर आणि तिकडचे बाणकोट ही दोन्ही ठिकाणे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी एकाच ग्रंथात नोंदली गेली. घाटमाथ्याचा माल आणि बंदराची बाजारपेठ यांनी हे दोन प्रदेश जोडले होते.

वेळासचा पूर्वेतिहास

एका बाजूस डोंगर, मध्ये आंबा, नारळ आणि सुपारीच्या बागा, त्यापलीकडे सुरूचे बन आणि मग समुद्राची लांबलचक पुळण, अशी वेळासची रचना आहे. मराठ्यांच्या इतिहासात या गावाचे नाव नाना फडणवीसांमुळे अजरामर झाले. नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी सातारा येथे झाला असला, तरी त्यांच्या भानू घराण्याचे मूळ गाव वेळास. खाडीपलीकडच्या श्रीवर्धनचे देशमुख बाळाजी विश्वनाथ भट यांना जंजिऱ्याच्या सिद्दीच्या त्रासामुळे गाव सोडावे लागले, तेव्हा त्यांनी वेळासला भानूंकडे आश्रय घेतला, असे इतिहासकार सांगतात. पुढे १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले आणि या दोन घराण्यांचा ऋणानुबंध मराठेशाहीच्या अखेरपर्यंत टिकला.

शेजारचा बाणकोट किल्ला, म्हणजेच हिम्मतगड, अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्रजांनी आंग्र्यांकडून घेतला आणि त्याचे नाव ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ असे ठेवले. पश्चिम किनाऱ्याच्या मुख्य भूमीवर इंग्रजांना प्रारंभी मिळालेल्या ठाण्यांपैकी हे एक होते. आलेल्याला आसरा देणारे वेळास आणि परकीयांच्या हाती गेलेले बाणकोट, अशी ही शेजारची दोन गावे इतिहासाने एकाच खाडीच्या मुखाशी ठेवली आहेत.

तथापि या साऱ्या घडामोडी होण्याच्या कितीतरी आधीपासून एक पाहुणी दरवर्षी हिवाळ्यात या पुळणीवर येत आली आहे. तिची नोंद मात्र कोणत्याही बखरीत झाली नाही.

२००२ सालचा शोध

ही पाहुणी म्हणजे ‘ऑलिव्ह रिडले’ जातीची सागरी कासवीण. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्रीच्या वेळी ती पाण्यातून वर येते, भरतीरेषेच्या वर वाळूत सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, त्यात शंभर ते सव्वाशे अंडी घालते, वाळूने खड्डा बुजविते आणि समुद्रात परत जाते. पुन्हा त्या अंड्यांकडे ती येत नाही. वाळूच्या उबेने पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्ले बाहेर पडतात आणि स्वतःच पाण्याची वाट धरतात. अगदी थोडी पिल्ले प्रौढ वयापर्यंत पोहोचतात. म्हणूनच एका घरट्याचा नाश ही मोठी हानी ठरते.

कोकणच्या किनाऱ्यावर ही हानी दोन प्रकारे होत असे. कोल्हे, कुत्री आणि रानडुकरे घरटी उकरीत, आणि माणसेही अंडी काढून खात किंवा विकत. सागरी कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पहिल्या अनुसूचीत संरक्षित केलेले आहे. परंतु मध्यरात्री निर्जन पुळणीवर काय चालले आहे, हे पाहण्यास कायदा जात नाही. त्यासाठी माणूस लागतो.

चिपळूण येथील ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था १९९२ पासून निसर्गरक्षणाचे काम करीत आहे. श्री. विश्वास उर्फ भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडाच्या घरट्यांची पाहणी करीत किनाऱ्यावरून फिरत होते. २००२ मध्ये याच भ्रमंतीत वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. चौकशी करता येथे दरवर्षी कासवे येतात आणि त्यांची बहुतेक अंडी नाहीशी होतात, असे समजले. संस्थेने त्याच हंगामात ग्रामस्थांशी बोलून राखणीचे काम सुरू केले. पहिल्याच वर्षी पन्नासच्या आसपास घरटी सुरक्षित झाली आणि अडीच हजारांहून अधिक पिल्ले समुद्रात गेली.

राखणीची पद्धत

हे काम कसे चालते, ते थोडे सविस्तर सांगणे अगत्याचे आहे, कारण त्यातील चिकाटी त्याशिवाय ध्यानात येत नाही.

हंगामात रोज पहाटे, उजाडण्यापूर्वी, गावातील राखणदार संपूर्ण पुळण पायी तुडवितात. कासविणीच्या पंखांसारख्या पायांनी वाळूत उमटलेला माग ट्रॅक्टरच्या चाकाच्या खुणेसारखा दिसतो. त्या मागाच्या टोकाशी वाळू हलकेच चाचपून घरटे शोधले जाते. अंडी अलगद काढून, मोजून, शक्य तितक्या लवकर किनाऱ्यावरच जाळीचे कुंपण घातलेल्या जागेत नेली जातात. तेथे मूळ घरट्याइतक्याच खोलीचा आणि तशाच आकाराचा खड्डा करून ती पुरली जातात. शेजारी अंडी मिळाल्याची तारीख आणि संख्या लिहिलेली पाटी लावली जाते. पिल्ले बाहेर येण्याचे दिवस जवळ आले की त्या जागेवर टोपली पालथी ठेवतात आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहतात.

बाहेर आलेली पिल्ले थेट पाण्यात सोडीत नाहीत. लाटांपासून काही अंतरावर वाळूत ठेवून त्यांना स्वतः चालू दिले जाते. मोठी झालेली मादी आपल्या जन्मभूमीच्या परिसरात अंडी घालण्यास परत येते, असे अभ्यासक सांगतात. ती जन्मखूण या पहिल्या वाटचालीत पटते, अशी समजूत आहे. म्हणून घाईने उचलून पाण्यात टाकणे ही दया नव्हे, हे राखणदारांना शिकावे लागले. आपल्या हाताने करण्याजोगे तेवढे करावयाचे आणि जिवाचे चालणे जिवाला करू द्यावयाचे, हा संयम या कामाच्या मुळाशी आहे.

या साऱ्या कामात गावातील लोकांनाच घेण्यात आले. पुळणीवर अंडी कोठे सापडतात, हे ओळखण्याचे कसब ज्यांच्या हाती होते, त्यांचेच कसब आता राखणीच्या कामी आले. कोणाला दोषी ठरवून, दम देऊन हे साधले नाही. ज्या हातांनी खड्डे उकरले जात, त्या हातांना मानधन आणि मान देऊन हे साधले. संस्थेने ज्ञान दिले, वनविभागाने अधिकार आणि आधार दिला, ग्रामपंचायतीने संमती दिली आणि ग्रामस्थांनी रात्री-पहाटेचे श्रम दिले. पुढे हळूहळू संस्थेने आपला हात मागे घेतला आणि कासव मित्र मंडळ, ग्रामपंचायत व वनविभाग यांनी ही जबाबदारी पुढे चालविली. एखाद्या संस्थेचे यश तिच्या मागे सरण्यातही असते, याचे हे उदाहरण होय.

कासव महोत्सव आणि एक अवघड प्रश्न

२००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला. पिल्ले समुद्राकडे जाताना पाहण्यासाठी मुंबई-पुण्याहून लोक येऊ लागले. गावात हॉटेले नव्हती. ग्रामस्थांनी आपल्या घरातील पडव्या आणि माजघरे मोकळी करून पाहुण्यांची राहण्या-जेवणाची सोय केली. त्यातून घरोघरी चार पैसे येऊ लागले, आणि घरच्या गृहिणींच्या हाती प्रथमच स्वतःच्या कष्टाची रोख मिळकत आली. कासव वाचले तर पाहुणे येतात, हा व्यवहार लहान मुलालाही समजू लागला.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. लाभासाठी केलेले रक्षण ही जीवदया म्हणावी काय? आपल्या धर्मात क्रियेइतकेच भावाला महत्त्व आहे. पाहुण्यांच्या पैशांसाठी कासव राखणारा मनुष्य आणि करुणेपोटी राखणारा मनुष्य यांत अंतर आहे, असे कोणी म्हटल्यास ते नाकारता येत नाही.

परंतु दुसरी बाजूही पाहावी. आपल्या पांजरपोळांचा इतिहास काय सांगतो? केवळ करुणेवर एकही पांजरपोळ चाललेली नाही. व्यापारावरील लाग, लग्नकार्यातील देणगी, चाऱ्यासाठी राखलेली जमीन अशा पक्क्या तरतुदीवर ती चालली. करुणेने आरंभ झाला आणि व्यवस्थेने ती टिकली. वेळासला क्रम थोडा उलट झाला असेल. तेथे व्यवस्था आधी आली. पण जे मूल पालथी टोपली उचलताना श्वास रोखून पाहते आणि वळवळणारे पिल्लू दिसताच हर्षाने ओरडते, त्याच्या मनात हिशेब नसतो. व्यवस्थेच्या छायेत भाव रुजू शकतो, हे मान्य करावयास हरकत नसावी.

तरीही धोका आहेच. पिल्ले पाहुण्यांच्या वेळापत्रकाने बाहेर येत नाहीत. दोन दिवस राहूनही एखाद्याला एकही पिल्लू दिसत नाही, आणि मग नाराजी होते. गर्दी वाढली की किनाऱ्यावर दिवे लागतात, छायाचित्रांसाठी झुंबड उडते, कचरा पडतो. अंधारात समुद्राचा उजेड ओळखून चालणाऱ्या पिल्लाला कृत्रिम दिवा वाट चुकवितो. ज्याला पाहण्यासाठी आलो, त्याच्याच मार्गात आपण उभे राहतो. वेळासच्या लोकांसमोर प्रत्येक हंगामात हा तोल सांभाळण्याचे काम असते, आणि आपल्या तीर्थक्षेत्रांच्या यात्रांतील गर्दी पाहिलेल्या कोणालाही ही अडचण चटकन समजेल.

निसर्गाचा कोपही या किनाऱ्याने सोसला आहे. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड आणि दापोली तालुक्यांतील घरांची छपरे उडविली आणि पिढ्यांनी वाढविलेल्या नारळी-सुपारीच्या बागा झोपविल्या. त्यातच वाळूच्या वाढत्या उष्णतेचा प्रश्न आहे. अंड्यातील पिल्लू नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरते. वाळू अधिक तापली तर माद्याच अधिक निपजतात आणि त्याहून तापली तर अंडीच नासतात. जाळीचे कुंपण कुत्र्यांना अडविते, उन्हाला अडवीत नाही. त्यामुळे राखणीचे काम संपले, असे म्हणण्याचा दिवस अजून आलेला नाही.

वेळासपासून पुढे

वेळासचे पाहून आंजर्ल्यासह रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील अनेक गावांनी हे काम हाती घेतले. महाराष्ट्र शासनाच्या वनविभागाने २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापन केला आणि किनाऱ्यावरील जीवसृष्टीच्या रक्षणाला स्वतंत्र यंत्रणा मिळाली. जाळ्यात सापडलेले कासव सोडविण्यासाठी मच्छीमाराला कित्येकदा आपले जाळे कापावे लागते. त्याचे ते नुकसान भरून देण्यासाठी डिसेंबर २०१८ मध्ये शासनाने २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू केली. दयेचा सगळा भार गरिबाच्या शिरावर पडू नये, हा त्यामागील विचार आपल्या समाजाला विशेष पटण्यासारखा आहे.

जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर एका कासविणीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसविण्यात आले. तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले गेले. पुढील वर्षी गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ दक्षिणेकडे जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. उलट, २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खुणेची पट्टी लावलेली एक कासवीण २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. दोन समुद्र वेगळे मानण्याची आपली सवय या मुक्या जिवांनी खोटी ठरविली.

जिवंत वारशाप्रमाणेच दगडातील वारशाचेही असेच आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, प्राचीन मानवाने कोरलेली कातळशिल्पे आहेत. श्री. सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून ती शोधली. गुराख्यांना आणि वृद्धांना ती पूर्वीपासून ठाऊक होती, परंतु त्यांचे मोल कोणी सांगितले नव्हते. उक्षी गावाने पुढाकार घेऊन आपल्याकडील हत्तीच्या शिल्पाभोवती संरक्षक बांधकाम केले. २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. येथेही जाणकाराने मोल सांगितले आणि राखण गावाने पत्करली.

आपल्यापाशी काय आहे

हा इतिहास वाचून आपण केवळ धन्यता मानावी, एवढ्यासाठी तो लिहिलेला नाही. आपल्या आसपास पाहिले तर जतनाची वाट पाहणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. अंबाजोगाईची लेणी आहेत, धाराशिवची लेणी आहेत, तेरची पांढरी आहे. गावोगावच्या बारवा गाळाने भरल्या आहेत. जुन्या मंदिरांतील कपाटांत हस्तलिखिते असतील, तर त्यांना वाळवी आणि ओल यांची भीती आहे.

आपल्या परिसरात या कामाचा आदर्श नाही असे मात्र नाही. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी, पावसाने उघड्या पडणाऱ्या आणि शेतात सापडणाऱ्या प्राचीन वस्तू आयुष्यभर जमविल्या आणि तो संग्रह पुढे शासनाच्या स्वाधीन केला. आज तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावाने उभे आहे. एका गृहस्थाची आवड, गावाचे सहकार्य आणि शासनाची व्यवस्था असा त्रिवेणी संगम झाला, म्हणून दोन हजार वर्षांपूर्वीचे तगर आपल्याला डोळ्यांनी पाहावयास मिळते.

आपल्या ओढ्यांत टाकलेली प्लास्टिकची पिशवी पुराबरोबर गोदावरीत आणि गोदावरीच्या मुखातून बंगालच्या उपसागरात जाऊ शकते. कासवाला ती खाद्य भासते आणि त्याच्या पोटात गेल्यावर प्राणावर बेतते. बागेश्री ज्या समुद्रात पोहून गेली, त्याच समुद्राला आपल्या अंगणातील पाणी मिळते. समुद्र न पाहिलेल्या माणसाच्या हातूनही समुद्रातील जिवाची हिंसा घडू शकते, आणि त्याच माणसाच्या सावधपणामुळे ती टळूही शकते. पाणी गाळून पिण्याचा संस्कार ज्या समाजात लहानपणापासून होतो, त्याला पाण्यात काय टाकावे आणि काय टाकू नये, हे वेगळे सांगावयास नको.

पन्नास वर्षे एखादे कार्य चालते, तेव्हा त्यामागे मोठ्या देणग्यांइतकीच रोज पहाटे कुलूप उघडणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या आणि हिशेब लिहिणाऱ्या हातांची पुण्याई असते. वेळासच्या पुळणीवर पहाटेच्या अंधारात माग शोधीत चालणारे राखणदार याच जातकुळीचे आहेत. यापुढे भगवान मुनिसुव्रतनाथांच्या दर्शनास गेल्यावर आसनावरील कूर्माकडे क्षणभर अधिक लक्ष जावे आणि परत आल्यावर आपल्या गावातील एका तरी बारवेची, एका तरी हस्तलिखिताची किंवा एका ओढ्याची राखण आपण चार घरांनी मिळून पत्करावी, एवढीच या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने समाजबांधवांना नम्र विनंती.